खुर्ची रिकामी आहे

कोतवाल मेलाय. खुर्ची रिकामी आहे. हवालदार इतकी वर्षं त्याच्या हाताखाली राबलाय, त्यामुळे पुढचा नंबर आपलाच, याची त्याला खात्री आहे. पण राजाचे कान प्रधानाच्या ताब्यात. प्रधान आपल्या नात्यातल्या एका माणसाला आणतो आणि कोतवालाच्या खुर्चीत बसवतो. या नव्या साहेबाला काम येत नाही, शिकायची इच्छाही नाही. हवालदाराने आता त्यालाच मुजरा करायचा.

अप्रेझलच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर (अर्थात मॅनेजर नसलेल्या ग्रुपवर) जे काही चालतं, त्याचा हा सारांश वाटेल. प्रत्यक्षात ही 1965 साली रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याची गोष्ट आहे. मराठीत कंपनी मॅनेजमेंटवर चांगली विनोदी कलाकृती नाही, अशी तक्रार मी मित्रांकडून ऐकतो. त्यांना अमेरिकन सिरियल्स तोंडपाठ असतात. मला वाटतं, आपल्याकडे ती साठ वर्षांपासून आहे. फक्त तिच्यात लॅपटॉपच्या जागी ढोलकी आहे.

लेखक वसंत सबनीस. हे नाव ओळखीचं वाटत नसेल, तरी त्यांचं लेखन तुमच्या कानात आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ची पटकथा आणि संवाद त्यांचे. ते ‘किशोर’ मासिकाचे संपादकही होते. ‘विच्छा’त हवालदार रंगवला दादा कोंडक्यांनी. मुंबईच्या गिरणगावात वाढलेला, ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केलेला आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा माणूस. सिनेमातले दादा आपल्याला माहीत असतात ते लोंबत्या नाडीमुळे आणि द्व्यर्थी संवादांमुळे, पण तो ‘सोंगाड्या’ 1971 चा. त्याआधी दादांना मोठं केलं ते या वगाने. त्याचे दीड हजारांहून जास्त प्रयोग झाले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. नव्या कोतवालाला पाडण्यासाठी हवालदार आपल्या प्रेयसीची, मैनावतीची, मदत घेतो. कोतवाल तिच्यावर भाळतो. ती म्हणते, माझी एक इच्छा पुरी कर, मला राजाचा छपरी पलंग हवाय. आणि कोतवाल, म्हणजे राज्यात चोरी होऊ नये म्हणून नेमलेला माणूस, राजाचाच पलंग चोरायला निघतो. पकडला जातो. हवालदाराला हवी ती खुर्ची मिळते.

नुसतं कथानक वाचलं तर यात काय एवढं, असं वाटेल. गंमत वगाच्या बांधणीत आहे. तमाशात गण, गवळण, बतावणी झाल्यावर शेवटी वग येतो. वगाची गोष्ट ठरलेली, पण संवाद बऱ्याच अंशी नटाच्या जिभेवर. सबनिसांनी संहिता लिहिली खरी, पण तिच्यात ही मोकळी जागा शाबूत ठेवली, आणि दादा ती प्रयोगागणिक नव्याने भरत. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक, टोले मात्र त्या आठवड्यातल्या मंत्र्याला आणि त्या गावातल्या साहेबाला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड एकच, कॉन्फिग रोज वेगळी. त्यामुळे मुंबईतल्या नाट्यगृहातल्या कारकुनालाही आपल्याच खात्याबद्दल चाललंय असं वाटे, आणि तालुक्याच्या गावातल्या मास्तरालाही.

याच्या चार वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये ‘हाउ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग’ नावाचं संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं होतं. ऑक्टोबर 1961 पासून मार्च 1965 पर्यंत त्याचे 1417 प्रयोग झाले. ते बंद झालं त्याच वर्षी इकडे ‘विच्छा’ सुरू झालं, हा निव्वळ योगायोग. पण हे दोन खेळ शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

ज्या पुस्तकावरून ते नाटक बेतलं, ते शेफर्ड मीड या गृहस्थाने 1952 साली लिहिलं. मीड एका जाहिरात कंपनीत टपाल विभागातला कारकून म्हणून लागला आणि उपाध्यक्षपदापर्यंत चढला, म्हणजे विषय त्याला आतून माहीत. नाटकाचा नायक फिंच हा खिडक्या पुसणारा पोरगा. ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाचं एक पुस्तक वाचत वाचत तो ‘वर्ल्ड वाइड विकेट कंपनी’त शिरतो आणि कुठलंही काम न करता थेट चेअरमन होतो. एका शनिवारी सकाळी तो बॉस यायच्या जरा आधी ऑफिसात पोचतो आणि टेबलावर असा पसारा करून ठेवतो, की आपण रात्रभर राबलो असं दिसावं. रात्री दोन वाजता ‘शेड्यूल सेंड’ लावून मेल पाठवणाऱ्यांचा हा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रम्प हा बॉसच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. बिनकामाचा, आणि काही मनाविरुद्ध झालं की आईला फोन लावणारा. कंपनी बनवते त्या ‘विकेट’ म्हणजे नेमकं काय, हे नाटक शेवटपर्यंत सांगत नाही.

वशिल्याचा नातलग दोन्हीकडे आहे. नाकर्तेपणा दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो आपण कोणाच्या बाजूने हसतो तिथे. अमेरिकन नाटकात आपण चढणाऱ्याच्या बाजूने असतो. फिंच लबाड आहे हे कळत असूनही तो वर जावा असं वाटतं, कारण त्या देशाच्या गोष्टीत शिडी सगळ्यांसाठी उघडी असते. आपल्या वगात आपण डावलल्या गेलेल्याच्या बाजूने असतो. हवालदाराला शिडी नकोच आहे. त्याला रांग हवी आहे, आणि रांगेत घुसलेल्याला बाहेर काढायचंय. त्या काळात बहुतेक मराठी कुटुंबांत नोकरी म्हणजे सरकारी नाहीतर गिरणीतली, आणि बढती म्हणजे ज्येष्ठता यादी. त्या यादीशी खेळ झाला की माणसाच्या पोटात जे होतं, ते या वगाने नेमकं पकडलं.

एक प्रश्न मात्र वग विचारत नाही. हवालदार तरी कोतवाल म्हणून बरा निघाला असता का?

हा प्रश्न विचारला 1969 साली, ‘द पीटर प्रिन्सिपल’ या पुस्तकाने. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल या दोघांनी हसत हसत मांडलेला त्यांचा सिद्धांत असा, की उतरंड असलेल्या संस्थेत माणूस काम चांगलं करतो म्हणून वर चढवला जातो, आणि जे काम त्याला जमत नाही तिथे पोचला की तिथेच राहतो. पुढे बढती नाही, मागे परतीची वाटही नाही. आयटीत हे इतकं नेहमीचं आहे की कोणाला विनोद वाटत नाही. टीममधला सगळ्यात चांगला कोड लिहिणारा उचलून मॅनेजर करायचा, म्हणजे एका फटक्यात एक चांगला इंजिनिअर जातो आणि एक वाईट मॅनेजर मिळतो. पीटरच्या हिशेबाने प्रधानाचा नातलग हा तसा साधा रोग. तो नाकर्ता आहे हे सगळ्यांना दिसतं. खरी भीती उत्तम हवालदाराची. ‘विच्छा’चा पडदा त्याला खुर्ची मिळाल्यावर पडतो, तेव्हा त्याचं पहिलं अप्रेझल आपण बघत नाही.

सात वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका मराठी नाटकाने मात्र खुर्ची मिळाल्यानंतरची गोष्ट दाखवली. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’, डिसेंबर 1972. घाशीराम सावळदास हा नाना फडणवीसांच्या काळातला पुण्याचा खराखुरा कोतवाल. 1791 साली त्याच्या बंदोबस्तात कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावाने त्याला ठार केलं. तेंडुलकरांच्या नाटकात तो आपली मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. सत्ता म्हणजे कोणाची तरी मेहेरबानी, पदाचा कामाशी संबंध नाही, आणि नेमणारा शेवटी हात झटकून नामानिराळा, हे सगळं ‘विच्छा’तही आहेच. एका नाटकात पलंग चोरीला जातो, दुसऱ्यात माणसं मरतात. दोन्ही नाटकांचा कणा लोकनाट्याचा आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मला ही दोन नाटकं एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या वाटतात. समीक्षक ती सहसा एकत्र वाचत नाहीत, कारण एक ‘गंभीर’ आणि दुसरं ‘दादा कोंडक्यांचं’.

आता मी हे जिथे बसून लिहितोय तिथे येतो. धडगाव. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं ठिकाण. शहाद्याकडून सातपुड्याचा घाट चढून यावं लागतं. तालुक्याच्या उत्तर अंगाला नर्मदा. गावाच्या नगरपंचायतीचं पूर्ण नाव ‘धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक’, जे कुठल्याही ऑनलाइन फॉर्मच्या चौकोनात मावत नाही. बाजारच्या दिवशी डोंगरातून पावरा आणि भिल्ल कुटुंबं उतरतात, हंगामात आमचुराचा आंबट वास रस्ताभर असतो. माझे वडील आश्रमशाळेत शिक्षक म्हणून जळगावकडून इथे आले आणि राहून गेले. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथून करतो, नेट असेल तेव्हा.

‘विच्छा’ची जुनी रेकॉर्डिंग आम्ही घरी बघितली तेव्हा वडिलांचा एक विद्यार्थी सोबत होता. कोतवालाच्या खुर्चीसाठी एवढी मारामारी कशाला, हे त्याला कळेना. तसं पाहिलं तर त्याचं बरोबरच होतं. पेशवाईत कोतवाल हा शहराचा पोलीसप्रमुख. अगदी अलीकडेपर्यंत महाराष्ट्रात कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा, नोटिसा पोचवणारा, दवंडी देणारा, महसूल खात्याच्या अगदी शेवटच्या पायरीवरचा माणूस. ते पद मिळावं म्हणून कोणी राजाचा पलंग चोरेल, हे त्याच्या डोक्यात बसणं शक्य नव्हतं.

पण त्याच्या न कळण्यात आणखी एक गोष्ट होती. ‘विच्छा’, ‘हाउ टू सक्सीड’, ‘घाशीराम’, या सगळ्या खेळांची सुरुवात एकाच गृहीतकावर होते: खुर्ची एक आणि तिच्यावर डोळा अनेकांचा. धडगावात हा वग उलटा चालतो. इथे खुर्ची असते आणि तिच्यात बसायला कोणी तयार नसतं. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांच्या बोलण्यात काही गावांची नावं शिक्षेसारखी उच्चारली जातात. विदर्भात गडचिरोली, भामरागड. आमच्याकडे धडगाव. ‘जास्त बोलशील तर धडगावला पाठवू’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, आणि ऐकताना आपण मुळात तिथेच राहतो हे आठवून हसलोही आहे.

हे केवळ बोलण्यापुरतं नाही, शासनाने कागदावरही मान्य केलेलं आहे. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून एकस्तर वेतनश्रेणी देण्याचं ठरलं. म्हणजे मूळ पद तेच, पण पगार एक पायरी वरच्या पदाचा, आणि तोही त्या भागात काम करत असेपर्यंतच. गाव सोडलं की पगार पुन्हा खाली. बढतीचा पगार आहे पण बढती नाही, असा हा चमत्कारिक प्रकार. पीटरसाहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी एक प्रकरण वाढवलं असतं. मी या निर्णयाला हसत नाही. डोंगरात बिऱ्हाड करणाऱ्या परिचारिकेला चार पैसे जास्त मिळायलाच हवेत. पण त्यातून राज्याने दिलेली कबुली मोठी आहे: या खुर्चीवर बसवायचं तर माणसाला तिच्यापेक्षा उंच खुर्चीचं मोल द्यावं लागतं.

आणि तरीही खुर्ची भरली नाही, तर येतो ‘प्रभारी’. मराठी प्रशासनाने जगाला दिलेला हा शब्द माझ्या मते मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात जायला हवा. प्रभारी म्हणजे दुसऱ्याच ठिकाणी खरी नेमणूक असलेला आणि इथली सही त्याच्या बॅगेत असलेला माणूस. तो नाकर्ता असतो असं नाही. कित्येकदा चांगला हुशार असतो. पण त्याचं मन घाटाच्या खाली असतं, आणि खाली उतरण्यासाठी जे काही करावं लागतं त्यात त्याची सगळी महत्त्वाकांक्षा खर्च होते. प्रधानाच्या नातलगाला निदान ती खुर्ची हवी तरी होती.

एवढं झाल्यावर ‘विच्छा’ पुन्हा बघितलं की एक गोष्ट सारखी खटकते. त्या राज्यात रयत कुठे आहे? राजा आहे, प्रधान आहे, कोतवाल, हवालदार, मैनावती आहेत. कोतवाल बिनकामाचा आहे म्हणून कोणाच्या घरी चोरी झाली, कोणाची फिर्याद लिहून घेतली गेली नाही, हे वगात येत नाही. चोरी होते ती थेट राजाच्या महालात, म्हणून तर तिची दखल घेतली जाते. विकेट कंपनीच्या विकेट कोण वापरतं, तेही आपल्याला दिसत नाही. मॅनेजमेंटवरचे सगळे विनोद असे दरबाराच्या आत घडतात. ते लिहिणारे आणि बघणारे, दोघंही बहुधा त्या उतरंडीत कुठेतरी असतात, त्यात मीही आलो. आपला राग प्रमोशनचा असतो. उतरंडीच्या बाहेर जो उभा आहे, त्याचा राग वेगळा असतो.

त्याचं एक उदाहरण याच तालुक्यातलं. उदई नदीवर बिलगाव आहे, धबधब्यासाठी लोक आता तिथे फिरायला जातात. वीज मंडळाची तार पोचलेली नव्हती तेव्हा, 2003 साली, तिथे 15 किलोवॉटचा एक छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळमधल्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’चे इंजिनिअर, नर्मदा बचाओ आंदोलनाचे कार्यकर्ते आणि गावकऱ्यांचं श्रमदान. वाहत्या पाण्याचा थोडा भाग बंधाऱ्याने वळवायचा, चरातून टाकीत आणायचा, पाइपने खाली सोडून टर्बाइन फिरवायचा आणि पाणी परत नदीला द्यायचं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळेल इतकं सरळ. 15 किलोवॉट म्हणजे शहरातल्या दोन-चार फ्लॅटचे एसी आणि गीझर एकदम लावले तर संपून जाईल एवढी वीज, पण पाड्यापाड्यांवरच्या घरांत दिवे लागले. तो चालवायला, सांभाळायला गावातलीच पोरं शिकली. कोतवालाचं काम, म्हणजे प्रत्यक्ष काम, कसं दिसतं ते मला कोणी विचारलं तर मी हे दाखवेन.

2006 च्या पावसाळ्यात तो सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. धरणाची उंची 110.64 मीटरवरून 121.92 मीटर करण्याला त्या वर्षी मंजुरी मिळाली होती. खाली गुजरातेत हजारभर मेगावॉटचं गणित मांडलं होतं, त्यात हे 15 किलोवॉट म्हणजे बेरीज करताना सोडून द्यायचा आकडा. ज्या बैठकीत तो निर्णय झाला, तिथला कोणीही नाकर्ता नव्हता. सगळे आपापल्या जागी पोचलेले, शिकलेले लोक होते. या गोष्टीवर वग लिहायचा तर पात्रं कोणती घ्यायची, हे सबनिसांनाही अवघड गेलं असतं.

आमच्याकडे तसा प्रयत्न करणारे लोक आहेत मात्र. नंदुरबार जिल्ह्यात भिलोरी बोलींमध्ये खेळ करणाऱ्या सोंगाड्या पार्ट्या आहेत. जत्रेत, लग्नात रात्रभर चालणारा कार्यक्रम, नाचगाणं आणि मधे मधे विनोदी नकला. आता त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर येतात आणि गुजरात-मध्य प्रदेशात मजुरीला गेलेली पोरं ते मोबाइलवर बघतात. त्यांच्यावर मराठीत लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत मी अशीच एक नक्कल पाहिली. एक म्हातारा दाखला मागायला कचेरीत येतो. शिपाई सांगतो, साहेब मीटिंगला गेलेत. म्हातारा बसतो. दुसरा येतो, मग एक बाई कडेवर मूल घेऊन येते (बाईचं सोंग अर्थातच मिशी काढलेल्या गड्याने घेतलेलं), मग कोणीतरी कोंबडी घेऊन. प्रत्येकाला तेच उत्तर, दर वेळी वेगळ्या सुरात. हळूहळू त्या कचेरीतच चूल पेटते, बाई भाकरी थापायला लागते, म्हाताऱ्याची सोयरीक ठरते, शिपाई वऱ्हाडी होतो, आणि कोंबडी साहेबाच्या खुर्चीत ठेवली जाते. अर्धा तास चालली ती नक्कल. साहेबाचं सोंग कोणी घेतलंच नव्हतं, ते पात्रच नव्हतं त्यात. माझ्या शेजारचा पावरा गडी हसून हसून डोळे पुसत होता, आणि त्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले कागद होते. कसले ते मी विचारलं नाही. तेवढ्यात ढोल वाजला आणि पुढचं गाणं सुरू झालं.